छत्तीस फोटो आणि एक हिशेबाची वही

1991च्या मे महिन्यात आम्ही माथेरानला गेलो होतो. मी तेव्हा नऊ वर्षांची. बाबांनी मित्राचा कॅमेरा मागून आणला होता आणि त्यात एकच रोल होता, छत्तीस फोटोंचा. प्रत्येक फोटोआधी चर्चा व्हायची, ‘हा काढायचा का, की पुढच्या पॉइंटसाठी ठेवायचा?’ तुमच्या फोनमध्ये एका संध्याकाळचेच दोनशे फोटो असतील, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

सहलीला जायचं म्हणजे फोटो काढायचे, ही सवय तशी फार जुनी नाही. 1888 साली जॉर्ज ईस्टमनच्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर फोटोंची फिल्म भरूनच यायची. ती संपली की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा. 1900 साली त्याच कंपनीचा ‘ब्राउनी’ एका डॉलरला मिळू लागला आणि अमेरिकेत साध्या घरांतही सुट्टीचे अल्बम तयार होऊ लागले. आमच्यापर्यंत ती सवय यायला बरीच वर्षं लागली, एवढंच.

आमचा अल्बम चौदा वर्षं टिकला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. आमचं घर कुर्ल्यात तळमजल्यावर आणि अल्बम कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्यात फुगतो आणि वाळताना शेजारच्या पानाला चिकटून बसतो. असे फोटो ओले असतानाच स्वच्छ पाण्यात ठेवून हलक्या हाताने सुटे करायचे असतात. आम्ही अल्बम उन्हात ठेवला. नंतर पानं उघडली, तेव्हा माणसांचे चेहरे समोरच्या पानावर निघून आले. त्याच पावसात नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीचा मार्गही वाहून गेला होता. 1907 पासून धावणारी ती गाडी 2007 साली पुन्हा सुरू झाली. आमचे फोटो मात्र गेले ते गेलेच.

एक फोटो तेवढा वाचला, कारण त्याची प्रत पुण्याला आत्याकडे होती. त्यात आजी हातरिक्षात बसली आहे, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर हसू. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी, त्यामुळे माणसाने ओढायची रिक्षा. पण ओढणारा माणूस फोटोत नाही. डाव्या कडेला दांडी धरलेला त्याचा फक्त हात आलाय. रंगीत प्रिंट जुनी झाली की तिचे रंग सारखे उतरत नाहीत. हा फोटो आता लालसर झालाय आणि तो हातही पुसट होत चाललाय.

बाबा गेल्यानंतर माळा आवरताना त्यांची हिशेबाची वही सापडली. माळ्यावर होती म्हणून पुरातून वाचली. ‘माथेरान’ असं लिहून खाली सगळं मांडलेलं: तिकिटं, खोली, चिक्की, घोडा. आणि एक ओळ: ‘हातरिक्षा, आईसाठी. चढावर आई उतरून चालली, तरी पूर्ण पैसे द्यायला लावले. वर चहाचे वेगळे.’

मी ती ओळ वाचून माळ्याखालच्या स्टुलावरच बसून राहिले. आजी उतरून चालली होती, हे मला मुळीच आठवत नव्हतं. फोटो बघून बघून माझ्या डोक्यात ती रिक्षात बसून हसणारी आजीच पक्की झाली होती. तिला त्या माणसाची दमछाक बघवली नाही आणि त्याची मजुरीही बुडू द्यायची नव्हती. हे बाबांनी हिशेब जुळावा म्हणून लिहिलं, आठवण म्हणून नव्हे.

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा अमानवी ठरवून सहा महिन्यांत बंद करायचा आदेश दिला. ती बातमी वाचताना मला आजीचा तो चढ आठवला. म्हणजे खरं तर बाबांची ओळ आठवली.

आता मी सहलीहून आले की रात्री दहा मिनिटं बसते. कुठे काय खाल्लं, किती पैसे दिले, गाडी कोणी चालवली, कोण कशावरून रुसलं, ते साध्या वहीत लिहिते. आत्याकडच्या फोटोची नवी प्रत काढून घेतलीय. तिच्या मागे पेन्सिलीने बाबांची ती ओळ जशीच्या तशी उतरवली आहे. त्या रिक्षावाल्याचं नाव मात्र वहीत नाही. बाबांनी विचारलं असेल का, कोण जाणे.