तिरक्या अक्षराची दुसरी वाट

कळंबच्या घरी चुलतभावाचं लग्न ठरलं आणि मोबाइलवर पाठवायची पत्रिका करण्याचं काम ‘घरातला इंजिनिअर’ म्हणून माझ्याकडे आलं. इंग्रजी नावांना प्लेफेअर डिस्प्लेचा इटालिक लावला. जाड रेघ ठसठशीत, बारीक रेघ केसासारखी, झुकाव डौलदार. तेच बटण मराठी नावांवर दाबलं, तर वाऱ्याने लोळवलेला ऊस! शिरोरेघ जागच्या जागी. काने, वेलांट्या मात्र पडायला आलेल्या. फॉन्टमध्ये तिरपी अक्षरं नसली की सॉफ्टवेअर सरळ अक्षरालाच ढकलून तिरकं करतं.

खरा इटालिक असा ढकललेला नसतो. १५०१ मध्ये व्हेनिसला आल्दुस मानुतिउसने व्हर्जिल छापला. त्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफोने कोरलेले खिळे विद्वान आणि लेखनिकांच्या भरभर लिहिण्याच्या वळणावरून घेतले होते. आधी अख्खी पुस्तकं त्यात निघत. सरळ अक्षराचा जोडीदार तो नंतर झाला. जाड-बारीक रेघांतला टोकाचा फरक आला अठराव्या शतकाच्या अखेरीस, दिदो आणि बोदोनीच्या हातून.

मग आपल्याकडे भरभर लिहिण्याचं वळण नव्हतं का? होतं की. मोडी!

आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या, मग बोरू शक्यतो न उचलता त्यांखाली अक्षरं लटकवत जायचं. शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही. दप्तरातल्या कारकुनाला वेग हवा होता. पेशवाईत तर चिटणीशी, बिवलकरी, रानडी अशी वळणंच नावारूपाला आली. म्हणजे व्हेनिसकडे होता तोच कच्चा माल आपल्याकडेही होता: एक सावकाश, सुटं अक्षर आणि एक धावतं.

छापखान्यातही दोन्ही पोचली. श्रीरामपूरला विल्यम कॅरीने १८०५ चं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापलं आणि १८१० चा मराठी कोश चक्क मोडी खिळ्यांत. पण पुढे मुंबईत बाळबोधच वाढली. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळ्यांचा कारखाना काढला, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना; राणोजी रावजी आरूंनी कोरलेल्या त्या अक्षरांनी पिढ्यान्‌पिढ्यांना वाचायला शिकवलं. बाळबोधीचे खिळे संस्कृत पोथीलाही चालत आणि मराठी पुस्तकालाही. धंद्याच्या हिशेबाने निवड बरोबरच होती. माझी तक्रार एवढीच, की मोडीला कुणी बाळबोधीच्या शेजारी, त्याच ओळीत बसवून पाहिलं नाही. ठळक शब्दासाठी, शीर्षकासाठी, पत्रिकेवरच्या नावासाठी. तिला थेट दप्तरात ठेवलं आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेतूनही काढलं.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. कुणाचा तरी दाखला, म्हणजे कुणाचं तरी शिक्षण आणि नोकरी, त्या न उचललेल्या बोरूच्या रेघेत अडकलेली होती.

२०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली. आता फोनवरही ती उमटू शकते. देवनागरीसाठी ‘टिरो देवनागरी मराठी’ फुकट मिळतो, आपल्या वळणाच्या ल आणि श सकट, आणि त्यात तिरपी जोडही आहे. ती लावून पाहिली. ढकललेल्यापेक्षा कितीतरी बरी, तरी आजीला पत्रिका दाखवली तेव्हा तिने चष्मा वर-खाली करत विचारलं, “नावं अशी कलंडली का रे?”

नावं सरळ केली. आजोबांच्या ट्रंकेतल्या मोडी कागदाचा फोटो मात्र तेव्हाच काढून घेतला. जमिनीचा आहे, एवढंच घरात माहीत आहे. वाचणारा शोधतोय.