शब्दाची बेडी

सीवूड्सच्या आमच्या घरांत येणाऱ्या मराठी वृत्तपत्रांत ‘आरोपीला बेड्या ठोकल्या’ हे वाक्य वारंवार आढळते. त्याचा अर्थ एवढाच, की कोणाला तरी अटक झाली. बेडी मात्र बहुधा नसतेच.

मूळ बेडी पायांची. हातांची ती हातकडी. पायांतील कड्यांचे खिळे घणाने ठोकून बंद करीत. त्या घणाचा घाव ‘ठोकणे’ या क्रियापदात अजून ऐकू येतो. लाकडात पाय अडकविण्याचे साधन म्हणजे खोडा. फिलिप्पै येथे संत पौल व सीला यांना फटके मारून खोड्यात घातले, तेही चौकशीवाचून. दुसऱ्या दिवशी पौलाने अधिकाऱ्यांना याचाच जाब विचारला.

सरसकट हातकडी घालणे अमानुष आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली प्रेमशंकर शुक्ला खटल्यात ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने काही गंभीर गुन्ह्यांत ती घालण्याची मुभा दिली आहे.

येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक झाली. नवी मुंबईतील तळोजा कारागृहात असताना, कंपवातामुळे पेला धरवेना म्हणून त्यांनी पाणी पिण्यासाठी नळी मागितली होती. ५ जुलै २०२१ रोजी ते कोठडीतच निवर्तले. तोवर खटला उभाही राहिला नव्हता.

न्यायालयाआधी निकाल देणारा शब्द हीदेखील बेडीच. आपण निदान घरात तरी ‘अटक झाली’ एवढेच म्हणावे.