समुद्रातली जमीन आणि मंदीवाले

काशीच्या रामघाटावर पहाटे जाग आलेल्या माणसाच्या कानांवर दोन आवाज येतात. खालून नावाड्यांच्या वल्ह्यांचा आणि वरून सांगवेद विद्यालयातल्या मुलांच्या घोकण्याचा. या घाटामागच्या गल्ल्यांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. त्यांपैकी एक घर माझ्या मावशीचे. गेल्या कार्तिकात रजेचे चार दिवस मी तेथे काढले. मावशीचे यजमान, आमचे नानाकाका, निवृत्त शिक्षक. एके सकाळी गंगास्नान आटोपून ते आले आणि ओल्या पंच्यानेच त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. नवे जैविक औषध शोधणाऱ्या एका कंपनीचे शेअर त्यांनी निवृत्तीच्या रकमेतून घेतले होते. औषध अद्याप बाजारात आले नव्हते. भाव मात्र एका दिवसात निम्म्यावर आला होता.

“नंदू, तू सरकारी माणूस. मला एवढे सांग, ज्याच्याजवळ वस्तूच नाही तो ती विकतो कशी? आणि ती विकून आम्हाला बुडवितो कसा?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. मंदीवाला दुसऱ्याचा शेअर उसना घेतो आणि आज शंभर रुपयांना विकतो. पुढे तो साठ रुपयांना मिळाला, तर तेथून घेऊन मूळ धन्यास परत करतो. उसनवारीचे भाडे वजा जाता चाळीस रुपये त्याचे. परंतु भाव तीनशेवर गेला, तर दोनशे रुपये पदरचे घालावे लागतात. शेअर शून्याच्या खाली जात नाही, म्हणून मंदीवाल्याच्या नफ्याला मर्यादा आहे. वर जाण्याला छत नाही, म्हणून त्याच्या तोट्याला ती नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र मला काकांना दीडशे वर्षे मागे, मुंबईस न्यावे लागले.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि साऱ्या इंग्लंडची दृष्टी हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. चार वर्षे मुंबईत सोन्याचांदीचा पूर आला. पैसा एवढा आणि तो गुंतवायला धंदे एवढे थोडे, तेव्हा लोकांनी धंदे कल्पनेने निर्माण केले. बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. तिच्या पाच हजारांच्या शेअरचा भाव पन्नास हजारांपर्यंत चढला. ज्या जमिनीवर हा भाव उभा होता, ती जमीन त्या वेळी भरतीओहोटीच्या पाण्याखाली होती! १८६० मध्ये मुंबईत साठएक दलाल होते. या धामधुमीत त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. या सर्वांचा मेरुमणी प्रेमचंद रायचंद. त्याच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बेच्या तिजोरीतून कर्जे सुटत, कारण १८६३ च्या नव्या कायद्याने त्या बँकेला शेअरांच्या तारणावर पैसा देण्याची मोकळीक मिळाली होती.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घेतली पाहिजे. त्या काळचे पुष्कळसे सौदे मुदतीचे असत. आज बोली, हिशेब पुढच्या ठरल्या तारखेस. अशा असंख्य सौद्यांची तारीख होती १ जुलै १८६५. घेणाऱ्यापाशी पैसा नसे, विकणाऱ्यापाशी शेअर नसे. नानाकाकांचा तो ‘वस्तू नसता विकणारा’ आणि त्याच्यासमोर पैसा नसता विकत घेणारा, असे दोघे एकमेकांचे हात धरून उभे होते. आपण पहिल्याला पापी म्हणतो. दुसऱ्याला उद्योजक, हौशी, फार तर भोळा म्हणतो. हा पक्षपात मला कधी समजला नाही.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण गेला. ती बातमी येताच कापूस कोसळला आणि कापसावर उभे असलेले सारे कोसळले. १ जुलैला देणेकरी नव्हे, दिवाळखोरच समोरासमोर आले. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २८५० रुपयांवर गेला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकावा लागला. १८६८ मध्ये ती बँकच गुंडाळावी लागली, आणि सर चार्लस जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. पडझडीत शहाण्यांचेही हात पोळले. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानाची त्या लाटेत मोठी हानी झाली. हेच भाऊ दाजी महारोगावरील औषधाच्या शोधात वर्षानुवर्षे रोगी तपासत होते, प्रयोग करीत होते. औषधाला किती धीर लागतो हे जाणणारा माणूस शेअरांच्या बाबतीत मात्र इतरांसारखाच घाईत सापडला.

मंदीवाल्यांनी मुंबई बुडविली काय? माझे उत्तर नाही असे आहे. पडझड त्या पन्नास हजारांच्या भावातच दडलेली होती. पाण्याखालची जमीन पाण्याखालीच आहे, एवढे म्हणणारा कोणी वेळीच बाजारात उतरता आणि त्याचे म्हणणे भावात उमटते, तर शेअर पन्नास हजारांवर न जाता कदाचित दहा हजारांवर थबकता, आणि बँकेची तिजोरी त्याच्या तारणावर उघडली नसती.

म्हणून मंदीवाले साधू ठरतात असे नव्हे. १६०९ मध्ये ॲमस्टरडॅम येथे इझाक ल मेर याने डच ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर हाती नसता विकले, तेव्हा कंपनीच्या चालकांनी विधवा आणि अनाथ यांची दुहाई देऊन १६१० मध्ये अशा विक्रीवर बंदी मिळविली. विधवांच्या नावाने चालकांनी स्वतःचा भाव राखला, हे उघड आहे. परंतु ल मेरचाही कंपनीशी जुना दावा होता. आपल्याकडे १९८२ च्या वसंतात कलकत्त्याच्या दलालांनी रिलायन्सचे शेअर असेच विकले. कंपनीच्या पाठीराख्यांनी ते सारे विकत घेतले आणि ३० एप्रिलला प्रत्यक्ष शेअर हाती मागितले. विकणाऱ्यांपाशी ते होते कुठे? मुंबईचा शेअरबाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला आणि मंदीवाल्यांना चढ्या भावाने शेअर गोळा करीत फिरावे लागले. छत नसलेला तोटा म्हणतात तो हा.

आज आपल्याकडे उसना शेअर हाती असल्यावाचून विक्री पुढे नेता येत नाही. २००८ पासून शेअर उसने देण्याघेण्याची रीतसर व्यवस्था आहे. पण ती ठरावीक शेअरांपुरती. काकांच्या कंपनीसारखा लहान शेअर उसना मिळणे दुरापास्तच. मग भाव कोणी पाडला?

मी काकांना त्या कंपनीचे धंद्याचे स्वरूप विचारले. माणसांवर औषधाची चाचणी तीन टप्प्यांतून जाते, आणि पहिल्या टप्प्यात शिरणाऱ्या दहा औषधांपैकी साधारण एकच अखेर मंजूर होते. तोवर कंपनीला विक्री नाही, उत्पन्न नाही. पैसा संपला की नवे शेअर काढायचे, म्हणजे जुन्या भागीदाराचा वाटा आणखी पातळ. अशा शेअरचा भाव म्हणजे निव्वळ एका निकालाची वाट पाहणे होय. निकाल प्रतिकूल लागला, तर उतरत्या पायऱ्या नसतात. एकदम कडा असतो. बॅक बेच्या जमिनीसारखेच हे औषधही अजून पाण्याखाली होते.

काकांनी कपाटातून कंपनीने पाठविलेल्या कागदांची चळत काढली. चष्मा लावून, बोट फिरवीत, ते एकेक पान वाचू लागले. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना ते असेच वाचीत असावेत. एका पानावर बोट थांबले. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत अपेक्षित गुण आढळला नाही, असे तेथे दोन ओळींत लिहिले होते.

“ही तारीख,” ते सावकाश म्हणाले, “भाव पडायच्या आदल्या दिवसाची आहे.”

मग त्यांनी कागद पुन्हा जुळविले, दोरीने बांधले, आणि मावशीला चहा टाकायला सांगितले.