बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरचे श्वसनव्यायाम

वजन घटवण्यासाठी जठर व आतड्यांवर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसे नीट उघडावीत, कफ सुटावा आणि अस्वस्थता कमी व्हावी, यासाठी रुग्णाकडून करवून घेतल्या जाणाऱ्या व्यायामांना बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरचे श्वसनव्यायाम म्हणतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी व गॅस्ट्रिक बायपास या अशा प्रमुख शस्त्रक्रिया आहेत.

आवश्यकता

स्थूल व्यक्ती आडवी झाल्यावर पोटातील मेदाचा भार श्वासपटलावर येतो. भूल दिल्यानंतर फुप्फुसांतील हवा आणखी घटून तळाकडील वायुकोश मिटू लागतात. पुढे वेदनेमुळे रुग्ण उथळ श्वास घेतो व खोकला दाबतो. परिणामी कफ साचून न्यूमोनियाचा धोका वाढतो.

दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करताना पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यामुळे श्वासपटलाचा क्षोभ होतो. श्वासपटल व खांदा यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच भागात पोहोचत असल्याने वेदना खांद्यात जाणवते. उरलेला वायू रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो. ढेकर दिल्याने तो निघत नाही.

पद्धती

* श्वासपटलीय श्वसन : पाठ टेकून अर्धवट बसावे, हात पोटावर ठेवावा. नाकाने सावकाश श्वास घेऊन पोट अलगद फुगू द्यावे व ओठ मुडपून हळूहळू सोडावा.
* आधार देऊन खोकणे : पोटावर उशी धरून खोकल्यास टाक्यांवरील ताण कमी होतो.
* स्पायरोमीटर : नळीतून हवा सावकाश आत ओढून उपकरणातील चेंडू वर उचलून धरतात.

चक्कर आल्यास थांबावे. लवकर उठून चालणे हा या व्यायामांचा आवश्यक जोड मानला जातो.

परिणामकारकता

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२४ बॅरिॲट्रिक रुग्णांवरील यादृच्छिक चाचणीत स्पायरोमीटर वापरणाऱ्या व न वापरणाऱ्या गटांत रक्तातील प्राणवायूच्या कमतरतेबाबत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे केवळ उपकरणावर विसंबणे पुरेसे ठरत नाही.

दक्षता

कपालभाती व भस्त्रिका यांत पोटाला जोरदार झटके बसतात. म्हणून शल्यचिकित्सकाच्या अनुमतीशिवाय ते करू नयेत. वाढती पोटदुखी किंवा खांदेदुखी, ताप, जलद नाडी, धाप, छातीत दुखणे किंवा पायाला सूज ही टाक्यांतील गळतीची वा रक्ताच्या गुठळीची लक्षणे असू शकतात. ती ‘गॅस’ समजून व्यायामाने शमवण्याचा प्रयत्न न करता तातडीने वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते.