ओटीपी न सांगणारी माणसे का फसतात?

देशातील पहिले सायबर गुन्हे पोलीस ठाणे २००१ साली बेंगळुरूत सुरू झाले. त्याच शहरातील एका सॉफ्टवेअर अभियंत्याचे ११.८ कोटी रुपये ‘डिजिटल अरेस्ट’च्या धाकाने लुबाडले गेल्याची बातमी डिसेंबर २०२४ मध्ये आली. यंत्रे कोळून प्यायलेला माणूसही फसतो, तेव्हा मधल्या काळात लोकांना नेमके काय शिकवले गेले हे तपासावे लागते.

पहिला धडा गुपिताचा होता. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहारांना जादा पडताळणी बंधनकारक केली. पुढे ओटीपी घरोघरी पोहोचला आणि ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे वाक्यही. धडा खरा होता, पण एकाच जातीच्या चोरीपुरता. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि भामट्यांनी ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ हेरली. ‘पैसे जमा होण्यासाठी पिन टाका’ असे सांगितले की समोरचा स्वतःच्याच हाताने पैसे पाठवी; गुपित मात्र कोठेच फुटत नसे! मग दुसरा धडा आला: पैसे घेताना पिन लागत नाही. अखेर एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधील ही विनंतीच बंद केली. कोट्यवधींना समजावत बसण्यापेक्षा दार बुजवणे सोपे, हे खरे तर आधीच सुचायला हवे होते.

डिजिटल अरेस्टमध्ये असे एकच दार नसते. गणवेशातला तोतया व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस अडकवून ठेवतो, घरच्यांशी बोलू देत नाही आणि ‘चौकशी’साठी पैसे वर्ग करायला लावतो. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी अशाच एका कॉलचे ध्वनिमुद्रण ऐकवले, कायद्यात अशी अटकच नाही हे सांगितले आणि तीन पायऱ्या दिल्या: थांबा, विचार करा, कृती करा. येथे धड्याचे स्वरूप बदलले. खुणा पाठ करण्याऐवजी वेळ मिळवणे शिकवले जाऊ लागले.

या बदलामागील तर्क रडारच्या अभ्यासातून आलेल्या संकेत-शोध सिद्धान्तात सापडतो. १९५४ मध्ये त्याची मांडणी झाली. पडद्यावरचा ठिपका विमानाचा की नुसता गोंगाट, हे ठरवताना निरीक्षकाची ओळखण्याची क्षमता आणि त्याचा संशयाळूपणा ही दोन स्वतंत्र परिमाणे असतात. ‘सावध राहा’ हा उपदेश बहुधा दुसरेच वाढवतो: खोटे कॉल अधिक पकडले जातात, पण बँकेचे खरे कॉलही नाकारले जातात. क्षमता वाढते ती दुसऱ्या, स्वतंत्र मोजमापाने. फोन ठेवून स्वतः शोधलेल्या क्रमांकावर बँकेला किंवा पोलिसांना विचारणे, निदान शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगणे, हे ते मोजमाप. पैसे गेलेच असतील तर १९३० वर तत्काळ कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ती गोठवता येते.

भामटा कॅमेरा बंद करू देत नाही, तो हे दुसरे मोजमाप घडू नये म्हणूनच.