बालवयातील खून आणि अभिवचनाची वाट

वर्धा रस्त्याने जाताना ज्याच्या भिंती आपण नागपूरकर नित्य पाहतो, तो मध्यवर्ती तुरुंग १८६४ सालचा. महाराष्ट्रात फाशीची सोय असलेले तुरुंग दोनच. एक येरवडा आणि दुसरा हा. येथे अनेक वर्षे फाशीच्या छायेत काढलेला एक कैदी मार्च २०२३ मध्ये एकदम मोकळा झाला. आजच्या विषयाची सारी अडचण त्याच्या हकिगतीत साठलेली आहे.

२६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात एका घरात सात जणांची हत्या झाली. पाच स्त्रिया, त्यांतली एक गरोदर, आणि दोन लहान मुले. हे आधी डोळ्यांपुढे ठेवावे. मारेकऱ्याच्या वयाचा प्रश्न नंतरचा. १९९८ साली फाशीची शिक्षा झाली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे बिकानेर जिल्ह्यातील एका शाळेचा दाखला पुढे आला. दाखल्यावरचे नाव वेगळे होते, म्हणून माणूस तोच काय, याची चौकशी झाली. तो तोच, असे ठरले. आणि गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय १२ वर्षे ६ महिने होते, असेही ठरले. एवढ्या लहान मुलाकडून असे कृत्य घडावे याने न्यायालयालाही धक्का बसला. पण तर्काने निकाल झाकोळू देता येत नाही, असे त्याने म्हटले. कायद्याने अशा मुलाला फार तर ३ वर्षे अडकवता आले असते. तो २८ वर्षांहून अधिक काळ आत होता.

आता मागे पाहू. १८६० च्या दंडसंहितेने ७ वर्षांखालच्या मुलाला गुन्हेगार मानले नाही. ७ ते १२ या वयात त्याची समज पाहावी, असे सांगितले. म्हणजे हा मुलगा त्या हिशेबाने सहा महिन्यांनी प्रौढ! पुढे इंग्लंडातून बोर्स्टलची कल्पना आली. आपल्या मध्य प्रांताने १९२८ साली त्याचा कायदा केला आणि नरसिंहपूरला तशी शाळा चालली. त्या पद्धतीचा गाभा असा, की तरुणाला शिकवावे, पारखावे, मग परवान्यावर बाहेर सोडून त्याच्यावर नजर ठेवावी. सुटका ही एका दिवसाची घटना नसून चढायच्या पायऱ्या आहेत, हे त्या काळच्या लोकांना आपल्यापेक्षा अधिक उमगले होते, असे मला वाटते.

१९८६ च्या कायद्याने १६ वर्षांखालच्या मुलग्याला फाशी व कैद दोन्ही वर्ज्य केली. पुण्याचा खटला चालला तेव्हा हा कायदा होताच. वयाचा शोध तेवढा झाला नाही. २००० साली ही मर्यादा १८ वर्षांवर गेली. वयाचा मुद्दा अंतिम निकालानंतरही मांडता येईल, असे २००६ साली स्पष्ट झाले, म्हणून हा दरवाजा उघडला.

पॅरोलला आपल्याकडे अभिवचन रजा म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे: कैदी वचन देतो आणि समाज ते तपासतो. महाराष्ट्रात त्याचे नियम तेव्हा १९५९ चे होते. पण फाशीच्या कैद्याला रजा कुठली? म्हणून त्याचे वचन कधी कोणी घेतलेच नाही. एका टोकाला दोर आणि दुसऱ्या टोकाला सताड उघडे दार. मधल्या पायऱ्या गायब. त्याची शिक्षा बेकायदा होती, तेव्हा त्याला तडकाफडकी सोडणे योग्यच. परंतु सात मृतांच्या आप्तांना, आणि बालपणापासून तुरुंगच पाहिलेल्या त्या माणसालाही, त्या पायऱ्या हव्या होत्या.

२०१५ च्या कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलावर घोर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालू शकतो. मात्र फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. त्या मुलाला २१ वर्षे पूर्ण झाली, की बाल न्यायालय त्याच्यात पालट झाला काय हे पाहते. झाला असेल तर देखरेखीखाली सोडते, नसेल तर उरलेली शिक्षा तुरुंगात. खुनी मुलाला अभिवचनाची वाट द्यावी काय, याला माझे उत्तर होय; पण हा तपास एकविसाव्या वर्षी एकदाच उरकू नये. पंचविसाव्या वर्षी, तिसाव्या वर्षी तो पुन्हा व्हावा, आणि मृतांच्या घरच्यांना तेथे बोलू द्यावे.