ऑनलाइन अभ्यासगट : एकत्र शिकण्याची रीत

वेगवेगळ्या गावी राहणाऱ्या पाच-सात जणांनी इंटरनेटच्या आधारे एक विषय ठरवून, कामाची वाटणी करून केलेला अभ्यास म्हणजे ऑनलाइन अभ्यासगट. मोबाईलवर ‘स्टडी ग्रुप’ नावाच्या पुष्कळ ठिकाणी मात्र यातले काहीच घडत नाही. एक जण पीडीएफ टाकतो, वीस जण अंगठा दाखवतात आणि पीडीएफ कोणी उघडत नाही. ती साठवणीची खोली झाली.

बीदरला महमूद गवानचा मदरसा १४७२ च्या सुमारास उभा राहिला. शिकणारे आणि शिकवणारे तिथेच राहत, कारण एकत्र शिकायचे तर एका छताखाली येणे भाग होते. आज आपल्या घरांतले एक मूल बेंगळुरूला, एक पुण्याला आणि एक कमठाण्यात, अशी स्थिती असली तरी तिघांना एक धडा एकत्र करता येतो.

मराठीत अशा सहकार्याचे सर्वात जुने आणि अजून चालू असलेल्या उदाहरणांपैकी एक म्हणजे १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया. तिथली नावे आपल्या ओळखीची आहेत. सर्वांनी चर्चा करण्याच्या पानाला ‘चावडी’ म्हणतात आणि नवख्याने सराव करण्याच्या पानाला ‘धूळपाटी’. प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ जोडलेला असतो. कोणी, केव्हा, काय बदलले ते तिथे कायम दिसते. चूक झाली तर दुसरा दुरुस्त करतो आणि ती का केली हे चर्चा पानावर विचारता येते. गुरुजी कोणी नाही, पण तपासणारे पुष्कळ.

याहून आपल्या उपयोगाचा प्रकल्प म्हणजे मराठी विकिस्रोत. जुन्या, स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांची पाने तिथे स्कॅन करून ठेवतात आणि संगणक ती वाचून मजकूर तयार करतो. संगणक ‘घ’चा ‘ध’ करतो, ‘भ’चा ‘म’ करतो, अनुस्वार गाळतो. मग माणसाने मूळ पान आणि मजकूर शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवायचे. न तपासलेले पान लाल, एकाने तपासलेले पिवळे, दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवे. पिवळे करणाऱ्याला तेच पान हिरवे करता येत नाही. बँकेत काम केलेल्यांना हे लगेच ओळखू येईल : ज्याने नोंद केली त्याने ती पास करायची नाही.

आपल्याकडची मुले घरी मराठी बोलतात, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी लिहितात. बोलणे टिकले, वाचणे सुटत चालले आहे. देवनागरी अक्षरे ओळखतात, पण जोडाक्षर आले की अडखळतात. अशा मुलाला पाठ्यपुस्तक देऊन बसवण्यापेक्षा रोज अर्धे पान जुळवायला द्यावे. बेंगळुरूच्या नातीने पिवळे केलेले पान कमठाण्यातल्या आजोबांनी हिरवे करावे. आजोबांना नवीन काही शिकावे लागत नाही. चष्मा आणि धीर पुरतो. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे.

परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या गटांनाही हाच नियम लागू पडतो. एसएसएलसी असो की बँकेची परीक्षा, प्रत्येकाने आठवड्याला दहा प्रश्न तयार करावेत, उत्तरे दुसऱ्याने पुस्तक बंद ठेवून लिहावीत आणि तिसऱ्याने तपासावीत. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे मुलांना समजावून सांगावे लागते.

सहा जणांपेक्षा मोठा गट करू नये. सातवा गप्प बसतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. झूमची फुकट बैठक ४० मिनिटांत बंद होते याची तक्रार ऐकू येते. माझ्या मते तेवढीच बैठक योग्य.

पालकांनी एक बघावे. व्हॉट्सॲप गटात प्रत्येकाचा फोन नंबर सर्वांना दिसतो. अनोळखी लोकांच्या खुल्या गटात मुलांना, विशेषतः मुलींना, घालण्याआधी गट कोण चालवतो ते विचारावे. ‘नोट्स’साठी आधी पैसे मागणारा गट सोडून द्यावा.

विकिस्रोतवर खाते उघडायला पैसे लागत नाहीत आणि मोबाईल नंबरही द्यावा लागत नाही. ज्या मुलांचे कन्नड पक्के आहे त्यांच्यासाठी कन्नड विकिस्रोतही आहे. तिथेही लाल, पिवळे, हिरवे हीच पद्धत चालते.